मनोहरची पत्रं मी खोटी वाचली

आमच्या भागात कुणाला मणक्याचा टीबी निघाला की लोक त्याला माझ्याकडे पाठवतात. म्हणतात, वामन मास्तर चौदा महिने पाठीवर होते आणि आज बाजारात पिशवी घेऊन हिंडतात, त्यांना जाऊन भेटा. मी त्यांना चहा देतो आणि ठरलेल्या चार गोष्टी सांगतो. बरं वाटायला लागलं तरी गोळी सोडू नका. प्लॅस्टरमध्ये खाज सुटली तर आत विणायची सुई घालू नका. घरच्यांवर ओरडलात तर संध्याकाळपर्यंत माफी मागून टाका, कारण त्यांना घरी परत जायचं असतं आणि तुम्हाला तिथंच पडून राहायचं असतं.

एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितली नाही. आजारी माणूस मनानं चांगला होतो, त्याला जगाची माया सुटते, असं बरेच जण धरून चालतात. माझं तसं झालं नाही. त्या चौदा महिन्यांतला बराच काळ मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा हेवा करण्यात घालवला. तो पडावा, हरावा, त्याला संघातून काढून घरी पाठवावं, असं मला मनापासून वाटायचं. नुसतं वाटून मी थांबलो नाही, हे जास्त वाईट.

कन्हान

आम्ही मूळचे नागपूरजवळच्या कन्हानचे. वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते. मी दहा-बारा वर्षांचा असताना आईबाबा आम्हा दोघा भावांना घेऊन नागपूरला दीक्षेला गेले होते. त्या दिवसाचं मला आठवतं ते पांढरं लुगडं नेसलेली आई आणि बाबांच्या खांद्यावर झोपलेला मनोहर. मी चालत होतो, तो खांद्यावर होता. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

पण खेळात मी पुढे होतो. मी फुटबॉल खेळायचो, डाव्या बाजूनं. कामठीच्या छावणीतल्या फौजी संघांशी आमच्या सामन्याला शेपाचशे माणूस जमायचं आणि चेंडू माझ्या पायात आला की नदीच्या पुलापर्यंत आरडाओरडा ऐकू जायचा, असं आई सांगे. मनोहर माझे बूट सांभाळायचा. अंगानं आडवा, मानेत आखूड, चेंडू पायात आला की हमखास निसटू देणारा. त्याला मी एकच युक्ती शिकवू शकलो होतो: समोरच्या माणसाकडे सरळ धावत जायचं, शेवटच्या क्षणी डाव्या पायावर भार टाकायचा आणि उजवीकडे निघून जायचं.

पुढे मला नागपूरला शाळेत पीटी मास्तरची नोकरी लागली, कुसुमशी लग्न झालं, तिथंच इंदोरा वस्तीत खोली घेतली. मुलगी झाली. मनोहर फौजेत भरती झाला. तिथं कुणा साहेबानं त्याचे खांदे पाहिले आणि त्याला रग्बी नावाच्या खेळात घातलं. सुट्टीवर आला तेव्हा अंगणात बसून तो समजावून सांगत होता.

"चेंडू अंड्यावानी असते, दादा. हातात धरून पयाचं. पण पास द्याचा तर मांगंच द्याचा, समोर देता येत नाई."

"अन् समोरच्यानं धरलं तर?"

"धरतेच न. आडवाच करते."

मी खूप हसलो. चेंडू धरून पळायचं, हा खेळ आहे की मारामारी, असं म्हणालो. ज्याला फुटबॉल जमला नाही त्याच्यासाठी बरा आहे, असंही म्हणालो. मनोहरसुद्धा हसला. तेव्हा माझी पाठ दुखत नव्हती.

अंगठा हलवा

दुखणं सुरू झालं तेव्हा मला वाटलं, मैदानात पडलो होतो त्याचं असेल. महाल भागातल्या एका पहिलवानाकडे जाऊन आठ दिवस तेलानं चोळून घेतलं. पाठ आणखी धरली. वजन उतरत गेलं. संध्याकाळी बारीक ताप यायचा. कुसुम म्हणायची दवाखान्यात चला, मी म्हणायचो रविवारी जाऊ. असे सात-आठ महिने गेले.

एक दिवस कवायतीच्या तासाला मी मुलांना उडी मारून दाखवत होतो. जमिनीवर आलो आणि पाय उभेच राहिले नाहीत. मी धपकन बसलो. पोरांना वाटलं मास्तर गंमत करतात, ती हसली. मीही हसायचा प्रयत्न केला आणि उठायला गेलो. मग हसणं थांबलं.

सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टर तरुण होते, फार बोलणारे नव्हते. फिल्म उजेडापुढे धरून म्हणाले, "मणक्याला टीबी आहे. दोन मणके खाल्लेत. पायांवर दाब येतोय." मग त्यांनी मला झोपवलं आणि म्हणाले, "पायाचा अंगठा हलवा."

उजवा हलला. डावा हलवतो आहे असं मला वाटत होतं, पण तो हलत नव्हता. कुसुम पायापाशी उभी होती. तिनं अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मला टीबी झाल्याचं दुःख नंतर झालं. त्या वेळी मला एवढंच कळलं की ज्या पायावर माझं नाव होतं तो डावा पाय माझं ऐकत नाही.

"चालता येईल का मला?" मी विचारलं.

"पडून राहिलात, तर येईल," डॉक्टर म्हणाले. "किती दिवस ते आत्ता नाही सांगत."

पेढा

माझ्या पाठीच्या मापानं प्लॅस्टरचं एक कवच केलं. होडीसारखं. त्यात मला ठेवलं. सकाळ-संध्याकाळ दोन वॉर्डबॉय येऊन मला पालथं करायचे आणि तेवढा वेळ मला जमीन दिसायची. बाकीचा वेळ छत. रोज एक सुई, तिच्यानं कानात किडे ओरडल्यासारखा आवाज यायचा. चमचा चमचा कडू पूड, ती घेतली की पोट ढवळायचं. आणि दररोज सकाळी डॉक्टर विचारायचे, अंगठा हलवा.

उन्हाळ्याचे दिवस होते. खिडक्यांना वाळ्याच्या ओल्या ताट्या लावलेल्या. भरती होऊन आठवडा झाला नसेल, आई कन्हानहून भर दुपारी आली. हातात पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, माझ्यासाठी कुठं काही नवस बोलली असेल.

"मनोहरचं पत्र आलं," ती म्हणाली. "आपल्या देशाच्या टीममध्ये घेतलं त्याले. सिलोनले जाऊन राहिला खेळाले. जहाजानं!"

माझ्या शेजारच्या खाटेवर सुखदेवकाका होते. सावनेरकडच्या कोळसाखाणीत काम करणारे, पन्नाशीचे, त्यांनाही तेच दुखणं. ते मान वळवून म्हणाले, "तो रेडिओवाला सिलोन? बाप्पा! तुह्या पोरगा लय मोठा झाला वं बाई."

आईनं साऱ्या वॉर्डाला पेढे वाटले. अकरा खाटा. प्रत्येक खाटेपाशी तेच सांगत गेली: धाकटा. भारताकडून. जहाजानं. शेवटी माझ्या हातावर एक ठेवला आणि मी तो खाल्ल्यासारखं करून उशीखाली सरकवला.

पहाटे मुंग्या आल्या. उशीतून मानेवर, मानेवरून प्लॅस्टरच्या आत. मला हलता येत नव्हतं. तास-दीड तास त्या मला चावत होत्या आणि मी कुणाला हाक मारली नाही, कारण मुंग्या कशानं आल्या हे सांगावं लागलं असतं. शेवटी सिस्टरनं पाहिलं. काही न विचारता तिनं पेढा उचलून टाकला आणि ओल्या कपड्यानं माझी मान पुसून दिली. त्या बाईचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं मला रागावून विचारलं नाही, याचे उपकार मी अजून मानतो.

पहिलं खोटं

मनोहर मला दवाखान्याच्या पत्त्यावर लिहू लागला. घरात आईला वाचता येत नव्हतं, बाबांना जेमतेम सही यायची. पत्र आलं की ते मी वाचायचं आणि भेटीच्या वेळी आईला सांगायचं, असं ठरलं. सुखदेवकाकांनी त्यात भर घातली: "मास्तर, मोठ्यानं वाच गा. दिवस जात नाई इथं."

पहिलं पत्र सिलोनहून आलं. मनोहरचं अक्षर मोठं, वेडंवाकडं, पण पत्र चांगलं चार पानांचं. जहाजात उलट्या झाल्या. तिथं भातात नारळ घालतात. पहिल्या सामन्यात त्यानं दोनदा चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला आणि सामना संपल्यावर साथीदारांनी त्याला खांद्यावर उचलून मैदानातून फिरवलं.

खांद्यावर.

सगळा वॉर्ड माझ्याकडे कान लावून होता. मी जहाज वाचलं, नारळ वाचला. मग तोंडातून निघालं: "मनोहर लिहितो, मला या सामन्यात खेळवलं नाही. बाहेर बसवून ठेवलं."

"च् च्," कुणीतरी म्हणालं.

"इतक्या दूर नेऊन?" सुखदेवकाका म्हणाले. "काहून नेलं मंग?"

मी पत्राची घडी घातली. मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला महिन्याभरात पहिल्यांदा कडकडून भूक लागली. कुसुमनं आणलेल्या दोन भाकरी मी संपवल्या. ती खूश होऊन म्हणाली, औषध लागू पडत आहे.

त्यानंतर मी सहा पत्रं तशीच वाचली. बँकॉकच्या पत्रात मनोहर विंगवर धावला आणि तिथल्या पेपरात त्याचं चित्र आलं, त्याचं कात्रणही पाकिटात होतं. माझ्या वाचनात त्याच्या हातून चेंडू सुटला आणि साहेब त्याला सगळ्यांसमोर बोलला. पुढच्या पत्रात त्याला उपकप्तान केलं. मी वाचलं की त्याला बहुतेक संघातून काढणार आहेत. दोन गोष्टी मात्र मी न बदलता नुसत्या गाळल्या. एक, प्रत्येक पत्राच्या शेवटी तो विचारायचा, दादा, अंगठा हलला का. दुसरी, तिसऱ्या पत्रातलं एक वाक्य: "तू शिकवलं होतं तेच करतो, डाव्या पायावर भार टाकून उजवीकडे, त्यांना अजून समजलं नाही." हे वाक्य मी मनात किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही. ते वाचून आनंद होण्याऐवजी माझं अंग पेटायचं. माझी युक्ती, आणि धावत होता तो.

हेवा फक्त त्याचाच होता असंही नाही. वॉर्डबॉयचा वाटे. खिडकीतून दिसणाऱ्या सायकलरिक्षावाल्यांचा वाटे. कुसुम भेटीची वेळ संपल्यावर उठायची, पदर खोचायची आणि चालत दारापर्यंत जायची. तिच्या टाचांकडे पाहून मला तिचाही राग यायचा. घर, मुलगी, दवाखाना, तिन्हीकडे ती एकटी पळत होती आणि मला तिच्या पळण्याचा हेवा वाटत होता. एकदा मी तिला म्हणालोही, "तुले बरं आहे, उठून जाता येते." ती डबा उचलून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्या संध्याकाळी मी दाराकडे पाहत पडून होतो.

कुसुमनं लिहिलेलं पत्र

आईनं सगळं खरं मानलं. मनोहरवर परदेशात वाईट दिवस आले आहेत, लोक त्याला बोलतात, बाहेर बसवतात. ती वाळायला लागली. मला वाटलं माझ्या काळजीनं. कुसुमला कारण माहीत होतं.

एका दुपारी मी पालथा असताना तिनं उशीखालची पत्रं काढली. ती चौथीपर्यंत शिकलेली, सावकाश वाचायची. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, जमिनीवर तिचे पाय तेवढे दिसत होते. पानं उलटल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं ती बोलली.

"हे तुमी काय वाचून दाखवून राहिले आईले?"

तिचे पाय माझ्या डोक्याजवळ सरकले.

"त्या एक टाईम जेवतात आता. मनोहरचं चांगलं होईस्तोवर दुसरं जेवण नाई घेणार म्हणतात. तुमाले ठाऊक आहे?"

"आईले सांगू नको," मी जमिनीशी बोललो.

"मी नाई सांगत. तुमचं तोंड आहे, तुमी सांगा."

मी सांगितलं नाही. महिना गेला. मग आईनंच कुसुमला म्हटलं, माझं पत्र लिहून दे मनोहरला. कुसुमनं लिहून दिलं: टीममधून काढलं तर वाईट मानू नको, खेळ गेला तर गेला, तू घरी येऊन जा, तुला पाहायचं आहे.

हे मला नंतर कळलं तेव्हा मी भडकलो. "तुले ठाऊक होतं सगळं. मंग तसंच काहून लिवलं?"

कुसुम म्हणाली, "आईनं जे सांगितलं ते लिवलं. मी तुमच्यासारखी बदलत नाई."

भेट

मनोहर सुट्टी घेऊन आला. संत्र्यांचे दिवस होते, एक टोपली भरून घेऊन आला होता. वॉर्डाच्या दारातून तो आत येताना मला छातीपासून वरचाच दिसला. दार त्याच्यासाठी अरुंद वाटत होतं. माझे दंड तोवर काडीसारखे झाले होते.

तो माझ्यापाशी पोचायच्या आत सुखदेवकाकांनी त्याचा हात धरला. "तूच काय मनोहर? हिंमत नको हारू बेटा. बाहेर बसवलं तर बसवलं. घेतीन परत."

समोरच्या खाटेवरून दुसरा म्हणाला, "चेंडू सुटतेच कधी कधी. त्या साहेबाचं मनावर नको घेऊ गा."

मनोहर उभा राहिला. त्यानं एकेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला मान वळवता येत होती, तरी मी वळवली नाही. त्याला सगळं कळायला किती वेळ लागला असेल? एक श्वास.

"हो काका," तो म्हणाला. "घेतीन परत."

मग तो माझ्या खाटेपाशी बसला. एक संत्र सोललं. फोडींवरचे पांढरे दोरे काढत बसला.

"दादा," तो हळू आवाजात म्हणाला, "मी हारलो पायजे होतो काय तुले?"

"हो."

"काहून?"

"तू पयत होता न. म्हणून."

त्यानं संत्र माझ्या हातात दिलं नाही, स्टुलावर ठेवलं. "मले चार ओळी लिवनं होत नाई. बॅरेकीतले पोट्टे हसत मले, का बायकोले लिवून राहिला म्हणून. तुह्या दिवस जात नसन म्हणून मी पानं भरत होतो." त्याचा आवाज चिरका झाला होता. "आता नाई लिवत."

तो उठला, सुखदेवकाकांच्या पाया पडला आणि गेला. मनोहर माझ्याशी मोठ्यानं भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

आईला त्यानं एवढंच सांगितलं की, मले परत घेतलं टीममध्ये. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा पेढ्यांचा पुडा घेऊन वॉर्डात हजर. पुन्हा अकरा खाटा. माझ्या खोटेपणामुळे मनोहरच्या नावाचे पेढे दोनदा वाटले गेले. या वेळचा मी खाल्ला.  आई समोर बसून पाहत होती आणि तिनं त्या संध्याकाळी दुसरं जेवण घेतलं, असं कुसुमनं सांगितलं.

पुन्हा वाचन

पत्रं बंद झाली. सुखदेवकाका रोज विचारायचे, "आलं काय गा?" मी नाही म्हणायचो. पंधरा-वीस दिवसांनी ते म्हणाले, "रुसला असन आपल्यावर. आपण त्याले हारलेला म्हटलं न त्या दिवशी. पोराच्या मनाले लागलं."

ते स्वतःला दोष देत होते. तेवढं मला सोसलं नाही. मी त्यांना सांगून टाकलं. हळू बोललो, पण वॉर्डात हळू बोललेलंच सगळ्यांना ऐकू जातं.

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे मास्तर, आजारपणात होतं असं. ते म्हणाले नाहीत. "मी माह्या गावच्या लोकाइले सांगितलं बे," ते म्हणाले. "भेटाले आलेल्या एकेकाले सांगितलं, का बिचाऱ्या पोराचे हाल होऊन राहिले. मले खोट्यात पाडलं तू." आणि त्यांनी तोंड फिरवलं. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तीन दिवस मला कुणी पाणी पुढं करायलाही नव्हतं, कारण ते काम त्यांचा हात करायचा.

चौथ्या दिवशी दुपारी ते छताकडे पाहत म्हणाले, "पत्रं आहेत का फाडले?"

"आहेत."

"मंग वाच. पहिल्यापासून. जसं लिवलं तसं."

सात पत्रं मी दोन दुपारी वाचली. "दोनदा चेंडू टेकवला" आलं तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेवरून शिट्टी आली. खांद्यावर उचललं, तेव्हा टाळ्या पडल्या. पेपरातलं चित्र हातोहात फिरलं. त्यांच्या प्रत्येक वाहवेबरोबर माझ्या आत कुणीतरी चिमटा काढत होतं. हेवा कमी झाला असं मुळीच समजू नका. पण मी एकही शब्द खाल्ला नाही. तिसऱ्या पत्रातलं वाक्य आलं तेव्हा मी थबकलो.

"काय झालं? वाच न," सुखदेवकाका म्हणाले.

मी वाचलं. डाव्या पायावर भार टाकून उजवीकडे.

"हे तू शिकवलं त्याले?"

"हो."

"मंग हे काहून लपवलं होतं, येड्या?"

मी पुढची ओळ वाचायला घेतली. 

माझा डावा अंगठा त्याच महिन्यात हलला. त्याचा आणि पत्रांचा काही संबंध नाही. औषधांनी हलला. डॉक्टरांनी मला कुसुमच्या समोर तीनदा हलवायला लावला. पुढच्या उन्हाळ्यात मला उभं केलं. पाच मिनिटं. छत इतकं जवळ आलं की भीती वाटली. मग चामड्याचा आणि लोखंडी पट्ट्यांचा कमरेचा पट्टा, आठ पावलं, वीस पावलं, आणि एक दिवस टांग्यातून घर. सुखदेवकाका माझ्या आधीच घरी गेले होते. खाणीत ते पुन्हा उतरले नाहीत, पण चालत गेले.

कलकत्ता

शाळेनं मला भूगोल शिकवायला दिला. पीटीला दुसरा मास्तर आला. त्याचाही मी हेवा केला, ते वेगळं. मनोहर आईला कार्डं पाठवायचा, त्यात माझ्यासाठी "दादाला नमस्कार" एवढं असायचं. तो अजून काही वर्षं देशाकडून खेळला, दोन दौऱ्यांत कप्तान होता. नागपुरात हे कुणाला माहीत नव्हतं. इथं रग्बी म्हटलं की लोक कुत्र्याचं नाव आहे का असं विचारायचे आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. माझ्याकडे येणाऱ्या आजाऱ्यांना मी हे मुद्दाम कळू देतो आहे: दुखणं बरं झालं म्हणून माणसातलं सगळं बरं होत नाही.

पत्रांच्या त्या प्रकरणानंतर दोनेक वर्षांनी आईला आलेल्या कार्डातून कळलं की कलकत्त्याला मोठा सामना आहे, सिलोनचा संघ येणार आहे. मी कुसुमला म्हणालो, जायचं. तिनं कारण विचारलं नाही. डब्यात दशम्या बांधल्या, मुलीला आईकडे ठेवलं आणि आम्ही हावड्याच्या गाडीत बसलो. मनोहरला कळवलं नाही.

रग्बी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आठ-आठ माणसं डोकी एकमेकांत अडकवून ढकलत होती, चिखल उडत होता. आणि मग चेंडू मागे मागे येत मनोहरच्या हातात आला. जो माझे बूट सांभाळायचा तो हा नव्हताच. तो कडेनं निघाला, एकजण समोर आला, मनोहर सरळ त्याच्याकडे गेला आणि डाव्या पायावर... माझी मांडी आपोआप आवळली गेली. लोक उभे राहिले. कुसुम माझ्याकडे पाहत होती, मैदानाकडे नाही.

दुसऱ्या अर्ध्यात दोघांनी मिळून त्याला आडवं केलं. ढीग उठला. मनोहर उठला नाही.

पहिल्या क्षणी माझ्या छातीत काहीतरी सैल झालं. ते काय होतं हे मला लगेच ओळखू आलं, इतक्या दिवसांची ओळख होती. बरं झालं, असं ते म्हणालं. ते शब्द मी इथं लिहून ठेवतो, कारण ते गाळले तर पुढचं खोटं ठरेल.

पुढचं मला नीट आठवत नाही. कुसुम मागून ओरडत होती, "तुमची कंबर! अवं, तुमची कंबर!" मधे एक दोरी होती, ती मी ओलांडली. एका पोलिसानं दंड धरला, "कहाँ जा रहे हो?" मी म्हणालो, "भाई है मेरा," आणि त्यानं सोडलं.

त्याला स्ट्रेचरवर ठेवत होते. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, चेहरा चिखलानं भरलेला. त्यानं डोळे उघडले.

"दादा? तू इथं कसा?"

"गाडीनं आलो."

"ते नाई." तो माझ्या मागे पाहत होता. "तिथून इथपर्यंत कसा आला?"

मी वळून पाहिलं. मैदानाच्या पार पलीकडे, दोरीपाशी, पिशवी छातीशी धरून कुसुम उभी होती. इतकी लहान दिसत होती. मधे अख्खं मैदान.

"पयत आलो वाटते," मी म्हणालो. मला धाप लागली होती. पट्ट्याची एक बाजू सुटून लोंबत होती.

मनोहर हसायला गेला आणि हाडामुळे कळवळला. डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं होतं कोण जाणे. दोन जवानांनी स्ट्रेचर उचललं आणि घाईघाईनं फाटकाकडे निघाले. मी बाजूनं चालू लागलो, पण चारच पावलांत मागे पडलो.

मनोहरनं चांगला असलेला हात वर केला.

"धीरे चलो यार," तो त्यांना म्हणाला. "मेरे भाई की कमर खराब है."